ढेकळ्याने वळसा घातलेली जागा

"आजी, ढेकळ्या इथे वळसा का घालतो?"

शाल्मलीने हा प्रश्न विचारला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, मान उन्हाने भाजत होती आणि उत्तर द्यायचा मला अगदी कंटाळा आला होता. मी शेताच्या कडेला एका दगडावर बसले होते. सहा वर्षं मी त्याच दगडावर बसत आले आहे. एवढ्या वर्षांत दगड काही मऊ झाला नाही, मी मात्र सहासष्ट वर्षांची झाले.

"घालत असेल," मी म्हटलं. "त्याची चाकं जुनी झालीत."

"चाकं जुनी असती तर तो कुठेही वळला असता. हा दर वेळी इथेच वळतो. जमिनीवर त्याच्या चाकांचे चरे बघ. सगळे सरळ आलेत, इथे वाकडे होतात आणि पुढे गेले की परत सरळ."

आधी आम्ही कोण ते सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या नातीसारखे मध्येच प्रश्न विचारायला लागाल. मी मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) आहे. जन्म जत तालुक्यातला, पण गेली सहा वर्षं मुक्काम आफ्रिकेत, झिंबाब्वे देशातल्या मुकोरे नावाच्या गावी. शाल्मली माझ्या मुलाची मुलगी, वय वर्षं अकरा. साल २०६१. तिच्या शाळेत आता एक सत्र कुठल्याही दुसऱ्या देशात राहून अभ्यास करता येतो. वर्गातली बाकीची मुलं समुद्र आणि बर्फ बघायला गेली. हिने मला निवडलं, आणि आल्यापासून माझा पिच्छा पुरवला.

ढेकळ्या म्हणजे आमचा माती टोचणारा यंत्रमानव. यंत्रमानव म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत येत असेल, तर ते आधी पुसून टाका. याला चार चाकं आहेत, पिंपाएवढं अंग आहे आणि पुढे एक गिरमिट (फिरत फिरत जमिनीत शिरणारी पोलादी दांडी) आहे. ते जमिनीत घालून तो चिमूट चिमूट माती काढतो, पोटात मिसळतो आणि तिच्यात काय आहे ते सांगतो. शिवाय तो दुभाष्याचं काम करतो. इथले लोक शोना भाषा बोलतात. ढेकळ्या ती ऐकतो आणि आमच्यासाठी मराठीत बोलतो. मराठी त्याला मीच शिकवली, आणि ती आमच्या गावाकडची शिकवली. त्यामुळे इथली माणसं शोनात बोलली तरी आमच्या कानावर जत तालुका पडतो. चूक आहे, पण मला बरं वाटतं म्हणून मी ती दुरुस्त केली नाही.

हे शेत माई सेकाईंचं. माई म्हणजे आई. बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारायची इथली रीत आहे, म्हणून सेकाईची आई ती माई सेकाई. त्यांची शेतं दोन. एक घराला लागून, खालचं. तिथला मका दर वर्षी बरा येतो. दुसरं हे टेकडीवरचं, जिथे मी दगडावर बसले होते. इथला मका कमरेएवढा होतो, पिवळा पडतो आणि त्याला मुठीएवढं कणीस लागतं.

सहा वर्षं मी या वरच्या शेताला खत देऊन पाहिलं. नत्र (पानं वाढवणारं अन्नद्रव्य), स्फुरद (मुळं आणि दाणे भरणारं) आणि पालाश (रोपाला कणखर ठेवणारं), तिन्ही दिलं. कमी देऊन पाहिलं, जास्त देऊन पाहिलं. मका काही केल्या कमरेच्या वर गेला नाही. शेवटी मी हात टेकले.

इथल्या जमीन मंडळाचा एक नियम होता. सहा वर्षं खत देऊनही जे शेत वर येत नाही, त्याचं नाव 'थकलेली जमीन' या यादीत घालायचं. मग मंडळ त्याला कुंपण करतं आणि त्यात झाडं लावतं. चाळीस वर्षं तिथे कुणी नांगर धरायचा नाही. माईंच्या घरात त्या, त्यांची म्हातारी सासू आणि सेकाईची दोन लहान मुलं. खालच्या शेतावर त्यांचे वर्षातले सातएक महिने निघत. बाकीचे महिने या मुठीएवढ्या कणसांवर. म्हणजे हे शेत गेलं की पाच महिने घरात खायला काय, हा प्रश्न होता. मंडळाचा कागद माझ्या पिशवीत होता. शुक्रवारपर्यंत त्यावर मला सही करायची होती, आणि रविवारी आमचं परतीचं विमान होतं.

मी सही करणार होते. सांगताना लाज वाटते, पण खरं तेच सांगते. सहा वर्षांनी माणूस इतका दमतो की 'होत नाही' हेही त्याला उत्तर वाटायला लागतं.

तर शाल्मली माझा नाद सोडून ढेकळ्याकडे गेली. "ढेकळ्या, तू इथून सरळ का जात नाहीस?"

"नियम अकरा," ढेकळ्या म्हणाला. स्वतःचं बोलताना तो एकदम कार्यालयातल्यासारखं बोलतो. "मातीचा नमुना घेताना वेगळी दिसणारी जागा वगळावी. बांधाजवळची, झाडाखालची, वारुळाची, जुन्या खताच्या ढिगाची."

"आजी, हा नियम कुणी केला?"

"सगळ्या जगाचा आहे तो," मी म्हटलं. "आपल्याकडे माती परीक्षणाला माती पाठवतात तेव्हाही हेच सांगतात. शेताची सरासरी काढायची असते ना? तुमच्या वर्गातल्या मुलांची सरासरी उंची काढायची आहे, आणि रांगेत मध्येच सर येऊन उभे राहिले, तर आकडा चुकेल. म्हणून सरांना बाजूला करायचं."

शाल्मलीने ढेकळ्याच्या वाकड्या चऱ्यांवरून चालून पाहिलं. ती असं काही करायला लागली की मला धडकी भरते.

"पण आजी," ती म्हणाली, "सर एवढे उंच कसे झाले, हेच आपल्याला शोधायचं होतं ना? मग त्यांनाच कशाला रांगेतून काढलं?"

मी दगडावरून उठले. सहा वर्षांत त्या जागेकडे मी शंभरदा तरी पाहिलं असेल. शेताच्या मधोमध एक हिरवा गोल होता, साधारण चाळीस पावलं रुंद. ढेकळ्या त्याला वळसा घालत होता आणि मी त्याच्याकडे कानाडोळा करत होते. कुठला तरी जुना उकिरडा असेल, आकडे बिघडवेल, एवढाच विचार मी केला होता.

आम्ही त्या गोलात शिरलो आणि शाल्मली दिसेनाशी झाली. मका तिच्या डोक्याच्या वर हातभर गेला होता. फेब्रुवारी महिना, तुरे आलेले, पानं काळसर हिरवी. चार पावलं बाहेर आलं की लगेच कमरेएवढी रोपं. त्यांची पानं शेंड्याकडून मधल्या शिरेवर पिवळी पडत आलेली, म्हणजे नत्र कमी. काही पानांच्या कडा जांभळ्या, म्हणजे स्फुरद कमी. खत तर आम्ही मोजून दिलं होतं.

माई सेकाई तण काढत होत्या. आम्हाला मक्यातून येताना पाहून त्या खुरपं खांद्यावर टाकून आल्या. इथलं खुरपं लांब दांड्याचं असतं, आपल्या कुदळीसारखं.

"माई, या गोलातलं बियाणं वेगळं आहे का?" शाल्मलीने विचारलं. ढेकळ्याने ते शोनात सांगितलं.

"न्हाई बाई. एकाच पिशवीतलं हाय," ढेकळ्याच्या तोंडून माई म्हणाल्या.

"आणि खत?"

"ते बी तेच. ह्या बुचानं घालते मी." माईंनी कमरेच्या ओच्यातून सोड्याच्या बाटलीचं एक बूच काढून दाखवलं. "एका खड्ड्याला एक बूच. हितं बी एक, तितं बी एक. अंबुयांनीच तसं सांगितलंय."

अंबुया म्हणजे आजी. गाव मला त्याच नावाने ओळखतं.

"मग इथे पूर्वी काय होतं?" शाल्मलीने विचारलं.

"माझ्या सासऱ्यांच्या वडलांचा दांगा व्हता. लई गुरं व्हती म्हनं त्यांची, साठ-सत्तर. साठ वर्सं झाली तो मोडून. मग घर खाली गेलं, दांगा बी खाली गेला."

दांगा म्हणजे संध्याकाळी गुरं आत घालायचं लाकडी कुंपण. मी माईंकडे पाहिलं. "तुम्ही मला हे कधी सांगितलं नाही."

"तुमी कवा इचारलं न्हाई," माई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मी ढेकळ्याला म्हटलं, "या गोलातली माती काढ."

"नियम अकरा," ढेकळ्या म्हणाला.

"नियम अकरा आजपुरता बंद." त्याने तीनदा खात्री करून घेतली आणि मग गिरमिट खाली टाकलं. गोलातली माती काळसर निघाली, मुठीत दाबली की गोळा होणारी. बाहेरची माती म्हणजे नुसती फिकी वाळू. या भागातली जमीन ग्रॅनाइट खडक झिजून झालेली आहे, म्हणून ती अशी वाळूसर असते.

घरी आल्यावर मला पडायचं होतं, पण शाल्मलीने पडू दिलं नाही. मग ओसरीवर आम्ही एक प्रयोग केला. तुम्हीही मोठ्या माणसाला सोबत घेऊन करू शकता. दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या मधून कापल्या, त्यांची वरची अर्धी उलटी करून तोंडाला फडकं बांधलं. एकीत बाहेरची वाळूसर माती भरली, दुसरीत गोलातली काळी. खाली दोन पांढरे पेले ठेवले. पेशी रंगवायला प्रयोगशाळेत जो निळा रंग वापरतात, त्याचे चार थेंब पाण्यात टाकून ते पाणी दोन्हींत सारखं ओतलं.

वाळूखालच्या पेल्यात निळं पाणी जमलं. काळ्या मातीखालच्या पेल्यात जवळजवळ नितळ पाणी आलं.

"रंग कुठे गेला?" शाल्मलीने पेला उजेडात धरला.

"काळ्या मातीने धरून ठेवला. तिच्यात सेंद्रिय कर्ब (पाला, मुळं, शेण कुजून मातीत उरलेला काळा भाग) आहे. त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. या रंगावर धन भार असतो. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, हे तू शिकली आहेस. खतातला पालाश, चुना, नत्राचा एक प्रकार, यांच्यावरही पाण्यात विरघळल्यावर धन भारच येतो. म्हणजे काळी माती त्यांनाही धरते आणि मूळ मागेल तसं थोडं थोडं सोडते. वाळूच्या कणांना असं धरता येत नाही. पाऊस पडला की खत पाण्याबरोबर खाली निघून जातं, मुळं पोचत नाहीत इतकं खाली."

"म्हणजे आपण सहा वर्षं चाळणीत पाणी ओतत होतो?"

"मी ओतत होते," मी म्हटलं. "तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून."

तोवर ढेकळ्याचा अहवाल आला. बाहेरची माती आंबट होती. आम्ही तिला आम्ल म्हणतो (लिंबाच्या रसासारखा गुण असलेली). अशा मातीत मुळं आखडतात आणि स्फुरद अडकून बसतं. तिच्यात जस्त आणि मॅग्नेशियमही नावालाच होतं. ही अन्नद्रव्यं लागतात चिमूटभर, पण ती चिमूट नसली तर बाकीचं पोतंभर असूनही रोपाचं घोडं अडतं. मी देत होते ती तीन अन्नद्रव्यं. गोलातल्या मातीत सगळंच होतं, आणि वरून घातलेलं धरून ठेवायची ताकदही. म्हणून माईंचं तेच एक बूच तिथे लागू पडत होतं आणि बाहेर वाया जात होतं.

शाल्मली पेल्यांकडे बघत बसली होती. "गोलातलं सगळं गाईंनी तयार केलं?"

"गाय काही तयार करत नाही. ती नुसतं उचलून आणते. दिवसभर साठ गुरं टेकडीवर चरायची. मका निघाल्यावर याच शेतातली ताटं खायची. संध्याकाळी दांग्यात येऊन शेण टाकायची. वर्षानुवर्षं असं चाललं. साऱ्या टेकडीचा कस चाळीस पावलांत गोळा झाला."

"म्हणजे गोल श्रीमंत झाला म्हणून बाकीचं शेत गरीब झालं?"

"थोडं त्यामुळे. थोडं दर वर्षी कणसं खाली नेल्यामुळे. आणि आता माईंच्या तीन गाईंचं शेण घराजवळच्या शेतातच पडतं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. या भागात प्रत्येक घराचं असंच आहे. घराजवळची जमीन सुपीक, लांबची उजाड. यात आळस नाही. एका ढकलगाडीत किती शेण मावतं आणि ती टेकडी किती चढाची आहे, हे ज्याने पाहिलं आहे तो माईंना नावं ठेवणार नाही. पूर्वी मुकोऱ्यात पुष्कळ गुरं होती. गोचिडांच्या तापाची साथ येऊन गेली आणि घरोघरी दोन-तीनच उरली.

"पण दांगा मोडून साठ वर्षं झाली," शाल्मली म्हणाली. तिचं अजून संपलं नव्हतं. "मग कस अजून संपला कसा नाही?"

हा प्रश्न चांगला होता. मी जरा सरळ बसले. "चांगल्या मातीत रोप मोठं होतं. मोठ्या रोपाची मुळं मोठी, पाला जास्त. ते तिथेच कुजतं, म्हणून माती चांगली राहते. वाळूत रोप लहान, मुळं लहान, कुजायला काही नाही, म्हणून माती आणखी हलकी होते. दोघी आपापल्या फेऱ्यात सापडल्या आहेत. पहिला धक्का जो बसला तो गाईंनी दिला. पुढचं गोलाने स्वतः सांभाळलं."

शाल्मली बोटाने ओसरीवर गोल काढत होती. "आजी, तो गोल कुणी मुद्दाम केला नव्हता. मग मुद्दाम केला तर?"

मुलांनो, मला त्या क्षणी स्वतःची फार कीव आली. कारण हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्या जतकडे धनगरांचे कळप यायचे, तेव्हा माझे वडील त्यांना विनवून लेंडीखतासाठी आमच्या माळावर चार रात्री मेंढरं बसवून घ्यायचे. सगळं गाव घ्यायचं. मेंढरं बसलेलं रान पुढच्या वर्षी ओळखू यायचं. मी ते पाहत मोठी झाले, मग मातीवर मोठमोठी पुस्तकं वाचली, आणि त्या पुस्तकांच्या खाली माझे वडील दडपून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही माईंना विचारलं. गाई रात्री वरच्या शेतात ठेवायच्या. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असं कुंपण करायचं, दहा रात्री झाल्या की ते उचलून शेजारी न्यायचं. शेण गाडीने चढवायला नको, गाईच स्वतःच्या पायांनी ते वर नेतील.

माई म्हणाल्या, "दांगा घराच्या नजरंत असतो, अंबुया. गाय हंबारली तर ऐकू यावी लागती. डोळ्याआड ठिवलेली गाय चोराची. माझ्या तीनच हायत."

यावर माझ्याकडे शास्त्र नव्हतं. शाल्मलीने ढेकळ्याकडे बोट दाखवलं. "हा झोपत नाही."

"मी झोपत नाही," ढेकळ्याने दुजोरा दिला. "मात्र राखण हे माझ्या कामांच्या यादीत नाही."

"मग ते यादीत घाल," मी म्हटलं. "आणि काही खुट्ट झालं तर माईंच्या घरी हंबर." माई पहिल्यांदाच हसल्या. नाही म्हणाल्या नाहीत, एवढंच मी त्या दिवशी पदरात पाडून घेतलं.

गुरुवारी मी मंडळावरच्या बाईंशी पडद्यावर बोलले. त्याही दमलेल्या होत्या. त्यांच्या मागे कागदांचा ढीग होता.

"तुमचे सहा अहवाल माझ्यासमोर आहेत," त्या म्हणाल्या. "सहाही सांगतात की ही जमीन खताला दाद देत नाही. आता तुम्ही म्हणता देईल. मी कुठल्या अहवालावर विश्वास ठेवू?"

"सातव्यावर," मी म्हटलं. "पहिल्या सहांत माझी चूक आहे. उत्तर शेताच्या मधोमध होतं आणि मी यंत्राला त्याभोवती वळसा घालायला लावला. हे असंच लिहून देते, माझ्या सहीने."

हे लिहिणं सोपं नव्हतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी कधी तसं लिहिलं नव्हतं.

"किती वर्षं लागतील?"

"दहा. कदाचित अकरा."

"आमच्या तक्त्यात पाचच्या पुढे रकाना नाही."

"मग पाच लिहा."

त्यांनी पाच लिहिलं. पाच वर्षांत शेत बदलताना दिसलं पाहिजे, नाहीतर यादी आहेच. मी पडदा बंद केला, रविवारची दोघींची तिकिटं रद्द केली आणि शाल्मलीच्या शाळेकडून तिच्यासाठी आणखी एक सत्र मागून घेतलं. घरी मुलाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "आई, तू दमली आहेस." मी म्हटलं, "हो, दमलेच आहे."

मे महिन्यात मका निघाला. शेत रिकामं झालं. आता ऑक्टोबरपर्यंत पाऊस नाही, म्हणजे गाई बसवायला सहा महिने. शाल्मलीने चौकटींच्या कागदावर शेताचा नकाशा काढला होता. शेत एकशे दहा पावलं लांब, शंभर रुंद. हिरवा गोल सोडून दहा बाय दहाच्या चौकटी झाल्या साधारण शंभर. एका चौकटीत दहा रात्री, म्हणजे एका कोरड्या हंगामात अठरा चौकटी. पाच वर्षांत नव्वद. गाई उठलेल्या चौकटींत पावसाळ्यात मक्याच्या ओळींमध्ये तूर पेरायची होती, कारण तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात आणि तिचा पाला गळून मातीत मिसळतो. चुलीतली राख टाकायची होती, म्हणजे आंबटपणा थोडा मरेल. शेवटी बूच. बूच सोडायचं नव्हतं, त्याला धरणारी माती द्यायची होती.

"पण एकदा गाई बसवून भागत नाही ना?" शाल्मलीने पेन्सिल चावत विचारलं.

"नाही. निदान दोन फेऱ्या."

तिने भागाकार केला. "दोनशेला अठरा. अकरा वर्षं." आणि मग माईंकडे वळून म्हणाली, "माई, अकरा वर्षांनी तुम्ही किती वर्षांच्या असाल?" मुलं असलं काहीही विचारतात.

आम्ही तेव्हा खालच्या दांग्याच्या बल्ल्या वर ओढून नेत होतो. बल्ल्या जड होत्या आणि टेकडी नेहमीइतकीच चढाची होती. माईंनी आपल्या हातातलं टोक खाली ठेवलं, घाम पुसला.

"एकुनसत्तर," त्या म्हणाल्या. मग वरच्या रिकाम्या शेताकडे बघत म्हणाल्या, "अकरा वर्सं तर यायचीच हायत, पोरी. रान असंच पडू दिलं तरी यायची, गाई बसवल्या तरी यायची. आली तवा हितं कायतरी असल्यालं बरं."

शाल्मलीने ते वाक्य नकाशाच्या मागे लिहून ठेवलं. मीही मनातल्या मनात माझा आकडा मांडला. सत्याहत्तर. गुडघे दुखत होते, आणि अजून शंभरातली पहिली चौकटही उभी राहिली नव्हती. हिरव्या गोलाच्या कडेला लागून शाल्मलीने पहिल्या चौकटीचे चार कोपरे चुन्याने आखले होते. त्यातल्या पहिल्या कोपऱ्यावर बल्ली रोवायचा खड्डा घ्यायला ढेकळ्या गिरमिट उचलून उभा होता.

"किती खोल?" त्याने विचारलं.

"हातभर," मी म्हटलं, आणि वाकून बल्लीचं दुसरं टोक उचललं.